गावाला शब्द आम्ही दिला होता

भारत निवडणूक आयोगाला धाराशिव जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षकाचे अनावृत पत्र

प्रति,
माननीय मुख्य निवडणूक आयुक्त आणि निवडणूक आयुक्त,
भारत निवडणूक आयोग, नवी दिल्ली



मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. तुळजापूर तालुक्यात राहतो. नोकरीत असताना निवडणूक लागली की ड्यूटीचा आदेश ठरलेला असे. आधी मतदान अधिकारी, पुढे मतदान केंद्राध्यक्ष आणि मधली काही वर्षे गावाचा बीएलओ, म्हणजे मतदार यादी सांभाळणारा केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणून मी आपले काम केले. आपली माझी ओळख असण्याचे कारण नाही. पण आमच्याकडच्या मतदाराला निवडणूक आयोग म्हणून जे माणूस दिसते, ते माझ्यासारखेच असते. शाळेचे गुरुजी, अंगणवाडीची ताई, कोतवाल, ग्रामसेवक. दिल्लीतला आयोग गावाने कधी पाहिलेला नाही. त्याच्या वतीने गावाला शब्द देत आलो ते आम्ही.

म्हणून हे पत्र गाऱ्हाण्याचे असले तरी परक्याचे नाही. घरातल्या माणसाने मन मोडल्यावर लिहावे तसे लिहितो आहे. ज्या नोंदींच्या जोरावर आम्ही लोकांना भरवसा देत होतो, त्या आपण हळूहळू कुलपात घातल्या. आणि त्या पाहायला मागणाऱ्याकडे संशयाने पाहू लागलात. हे मला लागले आहे. ते उघडपणे सांगितलेले बरे.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगतो, म्हणजे पत्राचा कोणी वेगळा अर्थ काढणार नाही. माझ्या हातून गेलेल्या एकाही यंत्रात मला खोट आढळली नाही. २०२४ चा निकाल चोरीचा होता असे मी म्हणत नाही. तसे म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही, आणि पुराव्यावाचून बोलायची सवय मी कधी लावून घेतली नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की निकाल खरा असेल, तर तो खरा असल्याचे मतदाराला दाखवणे हे आपले काम आहे, आणि ते काम आपण सोडून देत आहात.

भरवसा कसा तयार होतो ते आम्ही हातांनी करून पाहिले आहे. आदल्या दिवशी साहित्य घेऊन केंद्रावर जायचे, वर्गातच अंथरूण टाकायचे, पहाटे उठायचे. मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान, म्हणजे मॉक पोल. किमान पन्नास मते टाकायची, कंट्रोल युनिटवर निकाल काढायचा, व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कोणाला गेले ते काचेमागे दाखवणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्या मोजून त्याच्याशी जुळवायच्या. मग क्लिअरचे बटण दाबून सगळ्यांना शून्य दाखवायचे. चिठ्ठ्यांची पेटी रिकामी दाखवायची. मॉक पोलच्या चिठ्ठ्या काळ्या पाकिटात घालून सील करायच्या. सीलवर एजंटांच्या सह्या घ्यायच्या. संध्याकाळी शेवटचा मतदार गेला की क्लोजचे बटण, मग टोटल. यंत्रातला आकडा मतदार नोंदवहीशी ताडून पाहायचा आणि झालेल्या मतांच्या नोंदीचा नमुना १७ सी भरून त्याची प्रत प्रत्येक एजंटाच्या हातात द्यायची.

या सगळ्यात एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या पक्षांची पोरे एका बाकावर बसून एकाच कागदावर सही करीत. गावाचा विश्वास त्या सह्यांवर बसलेला होता. आयोग मोठा आहे म्हणून विश्वास ठेवा, असे आम्ही कोणाला सांगितले नाही. "हे बघा, शून्य आहे," असे सांगितले. "हा आकडा लिहून घ्या, मोजणीच्या दिवशी ताडून पाहा," असे सांगितले. एका म्हाताऱ्या बाईंनी मत देऊन जाताना विचारले होते, "गुरुजी, म्या दाबलेलं तितंच जातंय न्हवं?" मी म्हटले, काचेमागे चिठ्ठी दिसली ना, सात सेकंद? त्या म्हणाल्या, दिसली. मग समाधानाने गेल्या. त्यांना दिलेले उत्तर माझे एकट्याचे नव्हते. माझ्या तोंडून ते आयोगाने दिले होते.

आता त्याच वयाची माणसे मला पारावर विचारतात आणि माझ्याकडे उत्तर नसते.

पहिला प्रश्न यादीचा आहे, आणि तो आमच्या दारातच उभा राहिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, आमच्या तुळजापूर मतदारसंघात ऑनलाइन अर्ज करून सुमारे सहा हजार बोगस नावे यादीत घुसवण्याचा प्रयत्न उघडकीला आला. अर्जांना बनावट आधार कार्डे जोडलेली होती. स्थानिक प्रशासनाने तो डाव पकडला आणि तुळजापूर पोलिस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. ज्यांनी पकडला त्यांचा मला अभिमान आहे. ते माझ्यासारखेच खालचे कर्मचारी होते. त्याच महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात अशी सहा हजार आठशेहून अधिक नावे सापडली आणि तिथेही गुन्हा नोंदला गेला. आमच्या उमरग्याच्या सीमेपलीकडे, कर्नाटकातल्या आळंद मतदारसंघात, उलटा प्रकार झाला होता. तिथे २०२३ च्या विधानसभेआधी नावे वगळण्यासाठी ६,०१८ अर्ज आले. पडताळणीत त्यातले अवघे २४ बरोबर निघाले.

ही नावे घुसवणारे आणि ती नावे वगळायला निघालेले हात कोणाचे होते? ऑनलाइन अर्ज हवेतून येत नाही. त्यामागे मोबाइल नंबर असतो, ओटीपी असतो, कोणत्या जोडणीवरून अर्ज भरला त्याची नोंद असते. आळंदच्या तपासात कर्नाटकच्या सीआयडीने तांत्रिक माहितीसाठी आयोगाला पुन्हा पुन्हा पत्रे लिहिल्याच्या बातम्या आम्ही वाचल्या. आपण म्हणालात, आमच्याकडची माहिती २०२३ मध्येच दिली. दोन सरकारी यंत्रणा एकमेकींकडे बोट दाखवीत असताना गावाने कोणाचे खरे मानायचे? सप्टेंबर २०२५ मध्ये, हे प्रकरण देशभर गाजल्यावर, ऑनलाइन अर्जांना आधारशी जोडलेल्या मोबाइलवरून ई-स्वाक्षरी लागू झाली. उपाय चांगला आहे. पण तुळजापूरच्या तपासाचा शेवट काय झाला, हे आमच्या गावात आजवर कोणी येऊन सांगितलेले नाही.

सहा हजार हा आकडा आमच्यासाठी लहान नाही. शेजारच्या परंडा मतदारसंघात २०२४ ची विधानसभा सुमारे दीड हजार मतांनी ठरली. उमरग्याचा निकाल चार हजारांच्या आत लागला. आणि कोणाला वाटू नये की माझा राग एका बाजूचा आहे, म्हणून हेही सांगतो. परंड्यात शिंदे यांची शिवसेना जिंकली, उमरगा आणि उस्मानाबाद मतदारसंघांत ठाकरे यांची, आणि तुळजापुरात भाजप. सहा महिने आधी आमच्या लोकसभा मतदारसंघाने ओमप्रकाश राजेनिंबाळकरांना सव्वातीन लाखांहून अधिक मताधिक्य दिले होते. आमचा मतदार कोणाच्या खिशात नाही. कुठे दीड हजारांनी एकाला, कुठे चार हजारांनी दुसऱ्याला कौल देणाऱ्या जिल्ह्यात सहा हजार खोटी नावे येऊ पाहतात, तेव्हा ती कोणत्या पक्षासाठी येत होती हा प्रश्न मागाहूनचा. ज्याने खरे मत दिले त्या माणसाचे मत ती पुसत होती.

यादीतल्या चुका सगळ्या लबाडीच्या नसतात, हे बीएलओ म्हणून मी जाणतो. आमच्या जिल्ह्यातली माणसे पोटासाठी हलती आहेत. भूम, परंडा, वाशी, कळंब भागातून ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळी झाली की कारखान्यांकडे निघतात. शिकलेली पोरे पुण्यात खोली घेऊन राहतात. त्यांचे नाव इथेही असते आणि तिथेही नोंदले जाते. मयताचे नाव वर्षानुवर्षे राहते, कारण दाखला आणून द्यायला घरी कोणी नसते. अशा दुबार नावाला कोणी चोर म्हटले तर मला वाईट वाटते. पण हीच हलती माणसे नाव वगळण्यालाही सगळ्यात आधी बळी पडतात. माझी एक जुनी विद्यार्थिनी, ऊसतोड करणारी, मतदानासाठी मुकादमाच्या हातापाया पडून रातोरात टेम्पोने गावी आली. यादीत तिचे नाव नव्हते. केव्हा वगळले, कोणाच्या अर्जावरून वगळले, तिला नोटीस गेली होती का, हे कोणी सांगितले नाही. "आता काही करता येत नाही," एवढे उत्तर घेऊन ती फडात परत गेली. त्या दिवसाची तिची मजुरी बुडाली आणि मतही गेले. तिला मी काय सांगायला हवे होते?

दुसरा प्रश्न मतदानाच्या टक्क्याचा. २० नोव्हेंबर २०२४ ला संध्याकाळी पाचपर्यंत राज्यात ५८.२२ टक्के मतदान झाल्याचे जाहीर झाले. अंतिम आकडा ६६.०५ टक्के आला. साडेनऊ कोटींहून अधिक मतदारांच्या राज्यात हा फरक लाखोंचा होतो, म्हणून लोक चक्रावले. आपण खुलासा केलात की पाचचा आकडा तात्पुरता असतो आणि सहाला रांगेत असलेल्या सगळ्यांना मत देता येते. मी केंद्राध्यक्ष होतो. मला हे पटते. सहा वाजता रांगेच्या शेवटच्या माणसापासून सुरुवात करून आम्ही चिठ्ठ्या वाटतो, दार लावतो आणि चिठ्ठी असलेल्या प्रत्येकाचे मत होईपर्यंत थांबतो. आमच्याकडच्या केंद्रांवर संध्याकाळी शेतातून परतलेल्या बायकांची रांग असते, हेही मी पाहिले आहे.

पण मग माझे दुःख ऐका. त्या चिठ्ठ्या किती वाटल्या, हे आम्ही केंद्राध्यक्षाच्या डायरीत लिहून देतो. त्यासाठी रकाना आहे. प्रत्येक केंद्राचा तो आकडा आपल्याकडे पोहोचलेला असतो. लोकांनी नेमके तेच विचारले होते, आणि केंद्रनिहाय आकडे एकत्र करून समोर ठेवले असते तर शंका तिथेच मिटली असती. तसे झाले नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. प्रकाश आंबेडकरांनी बाजू मांडलेली ती याचिका न्यायालयाने जून २०२५ मध्ये फेटाळली. न्यायालयाचा निर्णय मी मानतो. पण याचिका फेटाळली गेली म्हणून पारावरचा प्रश्न मिटत नाही. डायरीतला आकडा आमच्याच हातांनी लिहिलेला आहे, तो आमच्याच गावाला दाखवायला अडचण कोणती?

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली. डिसेंबर २०२४ मध्ये निवडणूक नियम १९६१ मधल्या ९३ व्या नियमात बदल झाला. आतापर्यंत तपासणीला खुल्या असलेल्या कागदांमधून केंद्रावरचे चित्रण आणि इतर इलेक्ट्रॉनिक नोंदी त्यामुळे बाहेर राहिल्या. मे २०२५ मध्ये आपण राज्यांना कळवलेत की निवडणूक याचिका दाखल झाली नसेल तर चित्रण पंचेचाळीस दिवसांनंतर नष्ट करता येईल. आमच्या लेकीसुनांचे चित्रण कोणाच्याही हाती कसे द्यायचे, असा प्रश्न आपण पत्रकार परिषदेत केलात. त्या काळजीचा मी आदर करतो, मलाही मुली आहेत. पण चित्रण सगळ्या जगाला दाखवा असे कोणी मागितलेले नाही. उमेदवाराच्या प्रतिनिधीला, अधिकाऱ्यासमोर, ठरलेल्या खोलीत, ठरलेल्या केंद्राचे चित्रण पाहू द्यायचे. मतदानाच्या दिवशी त्याच बायकांच्या चेहऱ्याशी यादी ताडून पाहायला तोच एजंट केंद्रात बसलेला असतोच की. आणि पंचेचाळीस दिवस ही याचिका दाखल करण्याचीही मुदत आहे. पुरावा हाती आल्याशिवाय याचिका होत नाही, आणि याचिका होत नाही तोवर पुरावा जपला जात नाही. यात सामान्य उमेदवाराने जायचे कुठे?

यंत्राच्या तपासणीचेही तेच. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजण्याची मागणी नाकारली. पण त्याच निकालात दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के यंत्रे तपासून घेण्याचा हक्क दिला. त्यासाठी सुरुवातीला एका संचामागे चाळीस हजार रुपये आणि वर जीएसटी असा आकार ठरला. आमच्याकडे पाऊस हुकला की कोरडवाहू शेतकऱ्याला एवढे पैसे वर्षभरात सुटे दिसत नाहीत. हक्क कागदावर राहिला आणि तो वापरायची ऐपत मोठ्या पक्षांपुरती उरली.

चौथी गोष्ट आमच्या जवळच्या निवडणुकांची. त्या राज्य निवडणूक आयोगाच्या अखत्यारीत येतात, आपल्या नाही, हे मला ठाऊक आहे. पण गाव असा भेद करीत नाही. त्याच्या लेखी बटणाचे यंत्र म्हणजे आयोग. मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेचा कारभार प्रशासकाकडे गेला आणि वर्षानुवर्षे तिथेच राहिला. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या म्हणून सांगावे लागले. धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, मुरूम, कळंब, भूम, परंडा, या आमच्या जिल्ह्यातल्या नगर परिषदा. राज्यात नगर परिषदांचे मतदान २ डिसेंबर २०२५ ला झाले. काही ठिकाणचे मतदान ऐनवेळी २० तारखेवर गेले आणि त्यामुळे सगळीकडची मोजणी २१ डिसेंबरपर्यंत थांबली. यंत्रे इतके दिवस बंद खोल्यांत, बाहेर कार्यकर्त्यांचे पहारे. आणि या निवडणुकांत व्हीव्हीपॅट नव्हते. ज्या म्हाताऱ्या बाईंना मी सात सेकंदांची चिठ्ठी दाखवली होती, त्यांच्यासारख्या मतदाराला तशाच यंत्रासमोर या वेळी काचेमागे काहीच दिसले नाही. तिने काय समजायचे?

विश्वास उडाला की काय होते ते आम्ही शेजारच्या जिल्ह्यात पाहिले. सोलापूरच्या माळशिरस तालुक्यातले मारकडवाडी. गावाच्या पसंतीचा उमेदवार मतदारसंघात जिंकला होता, तरी आपल्या गावातले आकडे गावाला पटले नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी स्वतःच्या खर्चाने मतपत्रिकेवर पुन्हा मत टाकून पाहायचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लावली, गावकऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. त्यांनी योजलेला उपाय कायद्यात बसत नव्हता, हे मी मान्य करतो. पण त्या गावच्या केंद्रांतल्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या सील करून ठेवलेल्या होत्या. त्या गावासमोर मोजल्या असत्या तर काय बिघडले असते? आकडे जुळले असते तर आयोगाची मान उंच झाली असती. पोलिसांची गाडी पाठवून कोणाच्याही मनातली शंका गेलेली नाही.

मोजून दाखवल्याने काय होते, याचा दाखला हरियाणात आहे. पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावच्या सरपंचपदाचा वाद नोव्हेंबर २०२२ पासून चालला होता. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यंत्रे आपल्याकडे मागवली आणि न्यायालयाच्या आवारात दोन्ही बाजूंसमोर सगळ्या केंद्रांची फेरमोजणी करवली. निकाल उलटला. हरलेला म्हणून घरी बसलेला उमेदवार ५१ मतांनी जिंकलेला निघाला. घोळ एका केंद्रावर दोघांच्या मतांची अदलाबदल झाल्याचा होता, यंत्रातली मते जशीच्या तशी होती. म्हणजे फेरमोजणीने यंत्राची अब्रू गेली नाही, उलट राखली गेली. एका गावाला हे मिळायला पावणेतीन वर्षे लागली आणि देशाच्या सर्वात मोठ्या न्यायालयात जावे लागले, याची खंत आपल्याला वाटायला हवी.

राजकीय पक्षांनाही मी सोडत नाही. हरले की यंत्र वाईट आणि जिंकले की तेच यंत्र लोकशाहीचा विजय, हे आम्ही सगळ्यांकडून ऐकले आहे. बूथवर बसायला माणूस पाठवायचा नाही, मॉक पोलला वेळेवर यायचे नाही, १७ सी ची प्रत घडी घालून खिशात टाकायची ती पुन्हा उघडायची नाही, आणि निकालानंतर मुंबईत जाऊन ओरडायचे, हेही मी पाहिले आहे. त्यांच्यामुळे खऱ्या प्रश्नाची किंमत कमी होते. पण पक्षांच्या बेजबाबदारपणाची शिक्षा मतदाराला नको. पक्षाने मागितले म्हणून नोंदी देऊ नका. त्या मतदाराच्या आहेत, म्हणून द्या.

आमच्या गावात यात्रेची वर्गणी गोळा होते. यात्रा झाल्यावर देवळासमोर हिशेब वाचला जातो. कोणी उठून विचारले, मांडवाचे पैसे इतके कसे, तर पंच पावती दाखवतात. विचारणाऱ्याला कोणी देवीचा वैरी म्हणत नाही. गेल्या दोन वर्षांत मात्र मतदानाबद्दल साधी माहिती विचारली की पहिला उलटा प्रश्न येतो, तुम्ही कोणत्या पक्षाचे? मला तो एका कचेरीत ऐकावा लागला. आयुष्यभर मतदान केंद्रात बसताना मी कपाळावरचा टिळासुद्धा पुसून बसलो, कोणाला शंका नको म्हणून. त्या माणसाला हा प्रश्न विचारला गेला. ऑगस्ट २०२५ च्या पत्रकार परिषदेत आपण एका नेत्याला सात दिवसांत शपथपत्र द्या, नाहीतर देशाची माफी मागा असे बजावलेत, तेव्हा वरपासून खालपर्यंत कर्मचाऱ्यांना काय संदेश गेला असेल ते मला त्या कचेरीत कळले.

हा जिल्हा एके काळी निजामाच्या राज्यात होता. इथल्या माणसाला राज्य कोणी करावे हे ठरवायचा अधिकार नव्हता. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत स्वामी रामानंद तीर्थांनी मुले शिकवली आणि तिथून पुढे मुक्तीसंग्रामाची माणसे घडली. १७ सप्टेंबर १९४८ नंतर, १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत इथल्या अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसाने पहिल्यांदा मत दिले. आमच्या आजोबांच्या पिढीला मत बसून मिळाले नाही, त्यासाठी माणसे तुरुंगात गेली आणि रझाकारांच्या गोळ्यांना सामोरी गेली. म्हणून मताबद्दल शंका आली की आमच्याकडचा माणूस गप्प बसत नाही, आणि बसू नये.

जर्मनीच्या घटना न्यायालयाने २००९ मध्ये म्हटले होते की निवडणुकीचे मुख्य टप्पे आणि निकाल सामान्य नागरिकाला, कसलेही खास तांत्रिक ज्ञान नसताना, पडताळता आले पाहिजेत. त्यांनी त्या वेळची यंत्रे बाजूला ठेवली. आपण यंत्रे सोडावीत असे मी म्हणत नाही. मतपत्रिकांवर खोटे शिक्के मारून पेट्या भरल्याच्या गोष्टी मी थोरांकडून ऐकलेल्या आहेत. पण कसोटी तीच असावी. आमच्या तालुक्यातल्या सातवी शिकलेल्या शेतकऱ्याला निकाल स्वतः ताडून पाहता आला पाहिजे. त्यासाठी जे हवे ते अवघड नाही.

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येक केंद्राचा १७ सी चा आकडा आणि सहा वाजता वाटलेल्या चिठ्ठ्यांचा आकडा जाहीर करा आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. एजंटांना तो आम्ही देतोच, मग गावापासून लपवायचा कशाला?

यादीतून नाव वगळण्याआधी त्या माणसाला मोबाइलवर आणि घरी नोटीस गेलीच पाहिजे, आणि वगळलेल्या नावांची कारणांसह यादी निवडणुकीच्या पुरेशी आधी चावडीवर वाचली पाहिजे. ऊसतोडीला गेलेल्या टोळ्यांसाठी हे काम हंगामाआधी, सप्टेंबरात, पूर्ण करा.

बोगस नोंदणीच्या प्रत्येक गुन्ह्यात आयोगाने तपास यंत्रणेला काय माहिती दिली आणि केव्हा दिली, हे जाहीर करा. तुळजापूरपासून सुरुवात करा.

प्रत्येक विधानसभा क्षेत्रात आज पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या जातात. जिथे विजयाचे अंतर अगदी थोडे आहे तिथे जास्त केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजा, आणि कोणत्या मोजायच्या हे लोकांसमोर चिठ्ठी टाकून ठरवा. चिठ्ठ्या यंत्राने मोजता येतील का हे तपासून पाहा, असे सर्वोच्च न्यायालयाने आपल्याला २०२४ मध्येच सुचवले आहे. त्याचे पुढे काय केलेत तेही सांगा.

चित्रण आणि यंत्रांच्या नोंदी किमान एक वर्ष जपा आणि उमेदवाराला अधिकाऱ्यासमोर पाहू द्या. यंत्र तपासणीचा खर्च आयोगाने उचलावा. तपासात खोट निघाली नाही, तर त्या खर्चातून आयोगाला मिळणारी प्रतिष्ठा कितीतरी मोठी असेल.

आणि स्थानिक निवडणुकांतही मतदाराला चिठ्ठी दिसेल अशी यंत्रे राज्य आयोगाला मिळवून द्या. गावाचे मत दिल्लीच्या मतापेक्षा हलके नाही.

यातल्या एकाही मागणीने जिंकलेला उमेदवार हरत नाही. कोणाचे सरकार पडत नाही. जे खरे आहे ते लोकांना दिसते, इतकेच होते.

आपल्याला या पत्राचे उत्तर द्यायचे असेल तर मला देऊ नका. माझी ड्यूटी संपली. माझ्या शाळेत आता तरुण शिक्षिका आहेत, पुढच्या निवडणुकीत त्या केंद्राध्यक्ष असतील. गाव त्यांना विचारणार आहे, आणि त्या आयोगाच्या वतीने बोलणार आहेत. त्यांच्या हातात दाखवायला नोंदी द्या. रिकाम्या हाताने त्यांना गावासमोर उभे करू नका.

आपला,
एक निवृत्त शिक्षक आणि मतदार,
तुळजापूर तालुका, जिल्हा धाराशिव